पाणी विकत घेणाऱ्या गल्लीत नळ आणायचा तर मोहीम कुठून सुरू करायची?

गल्लीबोळ

मुंबईतल्या विषमतेवर भाषणं पुष्कळ होतात. उत्पन्नाचे आलेख दाखवले की लोक मान डोलावतात आणि घरी जातात. पाण्याचा हिशेब मांडला की तीच माणसं थांबून प्रश्न विचारतात, म्हणून वस्तीपातळीवर मोहीम उभी करायची असेल तर सुरुवात पाण्यापासून करावी असं माझं मत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत होती. त्यातल्या ज्या गल्ल्यांत अधिकृत जोडणी नाही, तिथे शहराला येणारं तेच तलावांचं पाणी कॅनमधून विकत घेतलं जातं.

हिशेब असा मांडायचा. पालिकेच्या नियोजनात झोपडपट्टीसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर धरले जातात. पाच माणसांच्या घराला दिवसाला २२५, महिन्याला ६,७५० लिटर. समजा ३५ लिटरचा कॅन १० रुपयांना पडतो. ६,७५० लिटर म्हणजे १९३ कॅन, म्हणजे १,९३० रुपये. पालिकेचा झोपडपट्टीचा दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच पाण्याचे सुमारे चाळीस रुपये. मलनिःसारण आकार वर धरला तरी फरक कित्येक पटींचा राहतो. तुमच्या गल्लीतला कॅनचा खरा भाव घालून हे गणित फळ्यावर लिहा. पत्रकं वाटण्याआधी हे करा.

आता सर्वेक्षण. नमुना म्हणून वीस घरं निवडू नका, गल्लीतलं प्रत्येक घर घ्या. पुढे अर्ज करताना "आमची यादी पूर्ण आहे" असं म्हणता आलं पाहिजे. प्रश्न आठच्या वर नकोत: घरात माणसं किती, काल किती पाणी आणलं, कुठून, कशात, किती पैसे दिले, कोणी आणलं, किती वेळ लागला, घर स्वतःचं की भाड्याचं. "साधारण किती लागतं?" असं विचारलं की प्रत्येक जण वेगळाच आकडा फेकतो, म्हणून "काल" हा शब्द महत्त्वाचा. "दोन पिंपं" असं उत्तर आलं तर पिंप बघून या. २०० लिटरचं पिंप बऱ्याचदा अर्धंच भरलेलं असतं. हंड्याचंही तेच, बारा लिटरचाही असतो आणि अठराचाही.

दोन गोष्टी मुद्दाम टाळा. आधार क्रमांक गोळा करू नका. तो कागद कोणाच्या हाती जाईल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही, आणि सर्वेक्षणाला त्याची गरजही नाही. दुसरं, पाणी विकणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहू नका. "खासगी विक्रेता" एवढं पुरे. नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी दारं बंद होतात.

कागदपत्रांचं आणि पाइपाचं ज्यांना कळतं त्यांनी पुढे लिहावं.

खर्डेघाशी

कागदांचं मी लिहिते.

पाया आहे मुंबई उच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१४ चा निकाल, पाणी हक्क समितीच्या याचिकेवरचा. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारण्याचं पालिकेचं धोरण त्यात टिकलं नाही. पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने धरलं. पण निकाल पूर्ण वाचा. प्रत्येक घरात स्वतंत्र नळ द्या असं त्यात म्हटलेलं नाही. सार्वजनिक नळखांब चालेल, दर जास्त लावला तरी चालेल, असंही त्यात आहे. "कोर्टाने सगळ्यांना नळ दिलाय" असं सभेत सांगितलं की अभियंता पहिल्याच भेटीत ते खोडतो आणि तुमचं वजन जातं. पुढे मे २०२२ मध्ये पालिकेचं "सर्वांसाठी पाणी" धोरण आलं. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

झोपडपट्टीत जोडणी सहसा गटाला मिळते. गटाचा एक सेक्रेटरी असतो, अर्ज त्याच्या किंवा तिच्या नावाने जातो आणि बिलही त्याच नावावर येतं. काम परवानाधारक प्लंबरमार्फतच करावं लागतं. घरटी कागद लागतात ते ओळखीचे आणि त्या जागी राहत असल्याचे: रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतला उतारा, असेल तर फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं ओळखपत्र). कोणाकडे काय आहे याचा एक मोठा तक्ता करा. एका घराचा कागद अपुरा निघाला की अख्ख्या गटाचा अर्ज परत येतो, म्हणून ज्यांचे कागद भक्कम आहेत अशांचा पहिला गट करायचा मोह होतो. तसं करू नका. प्रत्येक गटात एक-दोन कमकुवत कागदांची घरं वाटून टाका. नाहीतर शेवटी त्याच घरांचा एक गट उरतो आणि त्यांच्यासाठी भांडायला कोणी येत नाही.

अर्ज सहायक अभियंता (जलकामे) यांच्या नावे, वॉर्ड ऑफिसच्या आवक-जावकला. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. "साहेबांना देतो, ठेवून जा" म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. नकार तोंडी मिळाला तर त्याच दिवशी पत्र लिहून नोंदवा: "आज अमुक वाजता आपण जोडणी देता येणार नाही असं सांगितलं. धोरणातल्या कोणत्या कलमान्वये, ते लेखी कळवावं." या एका वाक्याने बरीच कामं हलतात.

लोकांच्या मनातली एक भीती आधीच काढा आणि एक खोटी आशाही. भीती अशी, की अर्ज केला तर घर नजरेत येईल आणि तुटेल. आशा अशी, की पाण्याचं बिल आलं म्हणजे घर पुनर्वसनाला पात्र ठरलं. नळजोडणीमुळे बांधकाम अधिकृत होत नाही, हे न्यायालयानेही स्पष्ट केलंय. ही खोटी आशा दाखवून सह्या घेणारे दलाल प्रत्येक वस्तीत असतात, आणि त्यांचे पैसे बुडाले की लोकांचा राग मोहिमेवर निघतो.

पाचवा_मजला

प्रश्न प्रामाणिक आहे, राग मानू नका. शहराला मुळात पाणी कमी पडतं. आम्ही मालमत्ता कर भरतो तरी कपात सोसतो. त्यात अनधिकृत बांधकामांना अधिकृत पाणी दिलं तर भार वाढणार नाही का?

गल्लीबोळ

@पाचवा_मजला, ती माणसं आजही पाणी पितातच की. कॅनमधलं पाणी बहुतेक वेळा पालिकेच्याच वाहिनीतून चोरून काढलेलं असतं. त्याचं बिल कोणी भरत नाही आणि गळतीचा हिशेबही कोणी ठेवत नाही. मीटर लावून जोडणी दिली की तेच पाणी हिशेबात येतं आणि पालिकेला महसूल मिळतो. शिवाय इमारतींसाठी नियोजनात माणशी १३५ लिटर धरतात आणि झोपडपट्टीसाठी ४५. कपातीची झळ मोजायची तर ती कोणत्या पायरीवरून मोजतो ते बघावं लागतं. १३५ मधले दहा टक्के गेले तर गाडी धुणं थांबतं, ४५ मधले गेले तर अंघोळ.

पाचवा_मजला

चोरीचा मुद्दा पटला. पायरीचा विचार करतो.

अर्धा_इंच

जोडणी मिळाली म्हणजे पाणी मिळालं असं नाही, आणि मोहिमा इथेच फसतात. उद्घाटन होतं, नारळ फुटतो, तीन महिन्यांनी तोटीतून थेंब येतात.

मोजायचं साधन म्हणजे २० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. धरा, दहा घरांचा गट, प्रत्येकी पाच माणसं, पाणी दोन तास. गरज २,२५० लिटर. ती १२० मिनिटांत भागायची तर मिनिटाला पावणेएकोणीस लिटर यायला हवेत, म्हणजे २० लिटरची बादली ६४ सेकंदांत भरली पाहिजे. तीच बादली अडीच मिनिटं घेत असेल तर मिनिटाला ८ लिटर, दोन तासांत ९६० लिटर, घराला ९६, माणशी १९. तक्रारीत "पाणी कमी दाबाने येतं" असं लिहू नका, "२० लिटरला १५० सेकंद" असं लिहा. पाणी आल्यावर दहा मिनिटांनी, मध्यावर आणि जायच्या आधी दहा मिनिटं, अशी तीन मापं घ्या, आठवडाभर. सुरुवातीला चांगलं आणि पुढे घसरत असेल तर वरच्या बाजूला कोणीतरी पंप लावतंय. सगळ्या वेळी सारखंच कमी असेल तर पाइपात दोष आहे: व्यास लहान, लांबी जास्त, आत गंज किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह.

व्यास हा खरा मुद्दा. अर्ध्या इंचाचा, म्हणजे १५ मिमीचा पाइप मुख्य वाहिनीपासून शे-दीडशे मीटर ओढला की दाब वाटेतच संपतो. स्वस्त पडतं म्हणून दहा गट दहा बारीक पाइप एकाच गटारातून नेतात. त्यापेक्षा पालिकेने गल्लीच्या तोंडापर्यंत मोठ्या व्यासाची वाहिनी आणावी आणि तिथून गटांना फाटे द्यावेत, ही मागणी करा. यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सादर होतं, तेव्हा मागणीचं पत्र आणि बादलीची मापं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पोचली पाहिजेत. मे महिन्यात हंडे घेऊन गेलात तर टँकर मिळतो, वाहिनी मिळत नाही.

गटारातून पाइप का नको? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि कुणी पंपाने ओढलं तर आत पोकळी होते. जोडाला बारीक भोक असेल तर बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचं पाणी गढूळ आणि वासाचं येतं. त्या गल्लीत नंतर जुलाबाच्या साथी येतात आणि लोक पुन्हा कॅनकडे वळतात.

तोटी

+१. दोन स्वस्त चाचण्या यात जोडते. क्लोरीनसाठी ऑर्थोटोलिडीनचे थेंब: पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगपट्टीशी ताडून किती ते बघायचं. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेला असावा. रंगच आला नाही तर वाटेत काहीतरी मिसळतंय असा संशय घ्या. दुसरी एच-टू-एसची बाटली: पाणी भरून उबदार जागी ठेवायची, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. थेंब टाकलेलं पाणी पिऊ नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. या चाचण्यांवर थेट आरोप करायचे नसतात. त्यांच्या आधारे पालिकेकडून अधिकृत नमुना घ्यायला लावायचा, आणि तो पुरवठा सुरू होतो त्या वेळी घ्यायला लावायचा. दुपारी घेतलेला नमुना बहुतेकदा निर्दोषच येतो.

नवी_सही

माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं? आमच्याकडे कोणीतरी "आम्हाला पाणी का दिलं नाही" असा अर्ज केला होता, उत्तर आलं की ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

खर्डेघाशी

बरोबरच उत्तर आलं. "का" विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर शुल्क नाही. मागा ते असं:

अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणीसह संपूर्ण नस्तीची (फाइलची) प्रत. त्या विभागात गेल्या दोन आर्थिक वर्षांत गटजोडणीसाठी आलेल्या, मंजूर आणि नामंजूर अर्जांच्या नोंदवहीची प्रत. आमच्या गल्लीला पाणी देणाऱ्या वाहिनीचा व्यास आणि पुरवठ्याच्या वेळांचं वेळापत्रक.

तीन अर्ज तीन वेगळ्या माणसांच्या नावे, त्यातली निदान एक बाई. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे रांग मोठी असते, त्यावर मोहीम टांगून ठेवू नका. त्यापेक्षा नस्तीची प्रत्यक्ष पाहणी मागा, पहिला तास मोफत असतो. शेरा काय मारलाय ते तिथेच दिसतं.

जोडीला लोकसेवा हक्क कायदा, २०१५. जोडणीच्या सेवेची मुदत आणि अपील अधिकारी कोण हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर फोटो काढून तीच पहिली तक्रार. विनाकारण उशीर केला तर संबंधितावर ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती, म्हणजे दंड, बसू शकते. रक्कम मोठी नाही, पण नोंद होते म्हणून ती बोचते.

सविनय

कागदांचं सगळं मान्य, पण रस्त्यावर उतरल्याशिवाय नस्ती हलत नाही, हे याच शहराने शिकवलंय. मृणालताई गोरेंना "पाणीवाली बाई" हे नाव गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्याने मिळालं, आणि १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात त्यांनी, अहिल्याबाई रांगणेकरांनी आणि इतरांनी लाटणं हातात घेऊन बायका रस्त्यावर आणल्या. हंडा मोर्चा त्याच घराण्यातला.

मोर्चाची व्यावहारिक बाजू सांगतो. स्थानिक पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी पत्र: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार दोन-तीन नावं. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात, त्या दिवशी लागू आहे का ते आधी विचारा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. वॉर्ड ऑफिसवरच्या मोर्चासाठी वेळ अकरा ते एक ठेवा. त्याआधी घरकाम करणाऱ्या बायका मोकळ्या नसतात आणि त्यानंतर अधिकारी जागेवर नसतात. रोजंदारीवाल्यांचा खाडा होतो हे धरून चाला. प्रत्येक घरातून एक माणूस पुरे, दर वेळी तेच नको.

शिष्टमंडळ पाच जणांचं. आत जाताना मागण्या तीनच, आणि एक जण फक्त लिहून घेणारा. बाहेर आल्यावर साहेबांनी जे कबूल केलं ते माइकवर त्याच शब्दांत वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी पत्राने कळवा. इतिवृत्त ते देत नाहीत, म्हणून आपलं पत्र हेच इतिवृत्त.

खर्डेघाशी

@सविनय, विरोध नाही, क्रमाबद्दल मतभेद आहे. आवक क्रमांक नसताना काढलेल्या मोर्चाला "अर्जच आला नाही" हे उत्तर तयार असतं. आधी अर्ज, मुदत उलटू द्या, मग हंडे.

सविनय

मुदत उलटेपर्यंत लोक थंड होतात, ही माझी अडचण. मधल्या काळात बादलीची मापं फळ्यावर लावत राहिलं तर चालेल, हे कबूल.

तोटी

आता ज्यावर सहसा कोणी बोलत नाही ते. नळ आल्यानंतर गल्लीच्या आतच विषमता सुरू होते.

एक, सेक्रेटरी. बिल त्याच्या नावावर, जोडणी त्याच्या दाराशी, चावी त्याच्या हाती. वर्षभरात तो पाण्याचा मालक होतो. उपाय: तोटी कोणाच्याही उंबऱ्याच्या आत नको. बिलाची झेरॉक्स दर वेळी भिंतीवर. पैसे जमा केल्याच्या वहीत देणाऱ्याचीही सही. बँकेत खातं दोन सह्यांचं, त्यातली एक सेक्रेटरीची नसावी. दर वर्षी सेक्रेटरी बदलायचा ठराव सुरुवातीलाच कागदावर घ्या. पालिकेच्या दप्तरी नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून अर्ज दोन महिने आधी.

दोन, एकाने पैसे थकवले तर सगळ्यांची जोडणी तुटते. त्यासाठी गटाची अनामत ठेवा, साधारण दोन बिलांएवढी. बिलाची वाटणी घरटी नको, माणशी करा. तीन माणसांचं घर आणि नऊ माणसांचं घर सारखे पैसे देऊ लागलं की चौथ्या महिन्यात भांडण ठरलेलं.

तीन, भाडेकरू. मालक दुसरीकडे राहतो, कागद त्याचे, पाणी भाडेकरूला हवंय. मालक सही देत नाही, किंवा देतो आणि भाडं वाढवतो. सर्वेक्षणातला शेवटचा प्रश्न त्यासाठीच आहे. भाडेकरूंची वेगळी बैठक घ्या, मालकांसमोर ते बोलत नाहीत. मालकाने सही दिली नाही तरी गटाने ठराव करून त्या घराला हिस्सा द्यावा, बिल माणशीच असल्याने कोणाचं नुकसान होत नाही.

चार, छोटे कारखाने. इडलीवाले, जरीवाले, प्लास्टिक धुणारे घरगुती नळावर पाइप टाकतात. त्यांची पोटं त्यावर आहेत, पण व्यावसायिक वापराचा दर कितीतरी जास्त असतो आणि पकडलं गेलं तर नाव गटाचं येतं. त्यांना हाकलून देऊ नका, त्यांचा वेगळा अर्ज करायला मदत करा.

अर्धा_इंच

@तोटी, पाचवा मुद्दा टिल्लू पंप, म्हणजे नळालाच लावून पाणी ओढणारा छोटा पंप. एकाने लावला की शेजारी लावतो, मग सगळे, आणि पाणी होतं तेवढंच राहतं. वर वीजबिल, आणि गटारातलं पाणी आत ओढलं जातं ते वेगळंच. पंपबंदीचा ठराव जोडणीच्या आधी करा, नंतर होत नाही.

डोंगरावरचा

आमच्या वस्तीला लागूनच पालिकेची प्रचंड मोठी पाइपलाइन जाते. त्यातूनच फाटा का देत नाहीत? लोकांना हेच सांगून गोळा करणं सोपं जाईल.

अर्धा_इंच

गोळा होतील, पण मागणी टिकणार नाही. ती पाणी वाहून नेणारी मुख्य वाहिनी आहे, वाटपाची नव्हे. तलावांकडून आलेलं पाणी शुद्धीकरणानंतर शहरातल्या उंचावरच्या जलाशयांत साठवतात आणि तिथून ठरलेल्या वेळी विभागवार सोडतात. मुख्य वाहिनीला थेट भोक पाडलं तर पुढचे जलाशय नीट भरत नाहीत आणि दाबामुळे तुमचा बारीक पाइपही तग धरत नाही. शिवाय मोठ्या वाहिन्यांलगतच्या झोपड्या हटवण्याचे आदेश झालेले आहेत, तेव्हा त्या वाहिनीकडे बोट दाखवून मोर्चा नेणं अंगाशी येऊ शकतं.

डोंगरासाठी मागणी वेगळी करा. पायथ्याशी साठवण टाकी, तिथून पंपाने वरच्या टाकीत आणि वरून उताराने गटांना. टाकीचं माप आधी काढून न्या: १५० घरं, ७५० माणसं, माणशी ४५ म्हणजे दिवसाला ३३,७५० लिटर. पाणी एकदाच येत असेल तर वरची टाकी ३५ हजारांची हवी, दोनदा येत असेल तर निम्मी चालेल. पंपाचं वीजबिल आणि ऑपरेटर कोणाचा, हे मंजुरीच्या पत्रातच लिहून घ्या. टाकीची जागा कोणाची आहे तेही आधी तपासा. केंद्राच्या किंवा खासगी जमिनीवर असेल तर नाहरकतीचा विषय निघतोच, मग दोनशे फूट बाजूला पालिकेची जागा मिळते का बघा.

डोंगरावरचा

घरं १५० नाहीत, २१० आहेत. म्हणजे माणशी ४५ ने ४७ हजारांच्या वर जातंय. एवढी टाकी वर बसेल अशी सपाट जागा नाही.

अर्धा_इंच

मग एक मोठी नको, २५ हजारांच्या दोन घ्या, वेगवेगळ्या पायरीवर. खालच्या घरांना खालच्या टाकीतून, वरच्यांना वरच्या. खालच्यांनी वरचं पाणी ओढायचा प्रश्नही त्यात सुटतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यात घरांची उंचीनुसार दोन गटांत विभागणी करून मग अर्ज करा.